लाल बांधणीचे चौदा खंड

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाने जुळवतोस, म्हणून पत्र. आम्ही बरे आहोत. यांचा गुडघा ठीक आहे. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलून घेतला.

काळजी आहे ती तुझ्या भाचीची. नगरसभेत निवडून गेल्याला सात महिने झाले आणि हल्ली पर्समध्ये राजीनाम्याचं पत्र घेऊन फिरते. परवाच्या सभेत एक सदस्य बाकावर चढला, दुसऱ्याने माईक उपटला, आणि तिसरा, जो एका आठवड्यात दोनदा पक्ष बदलून आलाय, तो मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत बसला होता म्हणे. घरी आली की ही जेवणाच्या टेबलावर तुझे ते लाल बांधणीचे चौदा खंड उघडते. निवडून आली तेव्हा तूच हौसेने दिलेस ना, तुझ्या एकतीस वर्षांच्या लघुलेखकाच्या नोकरीतली सभेची इतिवृत्तं! त्यांत म्हणे कुणी कुणाला एकेरीत बोलत नाही, सगळे ‘सन्माननीय सदस्यांशी मी नम्रपणे असहमत आहे’ असंच म्हणतात. ती म्हणते, ती माणसंच वेगळी होती, आपल्याच्याने हे व्हायचं नाही. तीस तारखेच्या सभेत राजीनामा देणार आहे.

दादा, पोरगी दारोदार हिंडून निवडून आली. वॉर्डातल्या दवाखान्यात आता रोज डॉक्टर येतो, तो तिच्यामुळे. तिने सोडलं तर मला फार लागेल. तुझं ती ऐकते. चार शब्द लिही, फक्त भाषण नको.

वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढीच राहू दे, वाढवलीस तर मी शेफारेन.

तुझी धाकटी

९ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मला ऐकू येत नाही हे साफ खोटं आहे, हल्लीचे लोक पुटपुटतात.

छकुलीचं वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगू? ऊरही भरून आला. पोरीला चाड आहे. आमच्या वेळची सभा म्हणजे काय होती! वकीलसाहेब अकरा वर्षं अध्यक्ष. पँटला क्लिप लावून सायकलवरून यायचे. कचेरीची गाडी घरच्या कामाला एकदाही नेली नाही, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा रिक्षाने गेले. ते सभागृहात शिरले की सगळे चिडीचूप. आणि आता? एका पुढाऱ्याच्या मागे सहा गाड्या, आणि लाज म्हणून एकालाही नाही. राजीनामा देत असेल तर ताठ मानेने देऊ दे, मामाचा पाठिंबा आहे.

उलट मी असं करतो, वकीलसाहेबांचा एखादा उतारा तिला राजीनाम्यात घालायला काढून देतो. खंडांतला नको, माझ्या मूळ लघुलिपीच्या वह्यांतला, ते जसे बोलले तस्सा. वह्या माळ्यावर ट्रंकेत आहेत. तुझी वहिनी शिडी धरायला तयार नाही. तिचं म्हणणं, या वयात माळ्यावर चढणारा नवरा आणि बाकावर चढणारा सदस्य यांत फारसा फरक नाही.

मेव्हण्यांना नमस्कार. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र टाकत जा.

दादा

१४ जून

ती. दादास,
आज रागात आहे, म्हणून साष्टांग नाही, नुसताच नमस्कार.

तुला तिला आवरायला सांगितलं होतं, आणि तू तर दार उघडून उभा राहिलास! धन्य आहे बाबा तुझी.

आता दुसरं ऐक. आज ती माझ्या मशीनपाशी बसून रडली तेव्हा कळलं. मागच्या महिन्यात भर सभेत तिने औषधांचं दुकान असलेल्या एका सदस्याकडे बोट दाखवून आरोप केला की दवाखान्याची औषधं यानेच पळवली. ओरडून, एकेरीत. आणि औषधं होती कोठारातच, यादी करणाऱ्याने एक कपाट उघडलंच नव्हतं. त्या बिचाऱ्याने सभेला यायचंच सोडलंय. ही म्हणते, मीही त्यांच्यातलीच निघाले, मामाच्या खंडांतल्या एकाही माणसाने असं केलं नसतं. राजीनाम्याचं खरं कारण हे आहे. माळ्यावरून उतरला असशील तर काहीतरी कामाचं लिही.

चिडलेली, पण तुझीच,
धाकटी

२० जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र आलं तेव्हा मी ट्रंक उघडून बसलो होतो. चार दिवस वह्याच वाचतोय. मला एक कबूल करायचंय, आणि मला त्याची लाज वाटते.

ते खंड मी नुसते टिपलेले नाहीत, रचलेले आहेत. सदस्य बोलायचे ते मी लघुलिपीत घ्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी टाइप करताना सारवासारव करायचो. कुणी कुणाचा बाप काढला की मी तिथे ‘नम्रपणे असहमत’ घालायचो. वह्यांत ‘गप बस गाढवा’ पानोपानी आहे, खंडांत एकदाही नाही. एकदा शाईची दौत फेकली गेली, तिथे मी ‘चर्चा काहीशी रंगली’ असं लिहून मोकळा झालो. सभेची अब्रू माझ्या हातात आहे असं वाटायचं गं. पुढे माझाच माझ्या खंडांवर विश्वास बसला आणि निवृत्तीपासून मी त्या काळाच्या नावाने उसासे टाकतोय. हे तुझ्या मामीला सांगितलं, तर म्हणाली की तिला सगळं माहीत होतं. मी रोज घरी येऊन त्याच शिव्या तिला हसत हसत सांगायचो!

वकीलसाहेब मात्र खरोखरच सच्चे होते. पण त्यांचंही ऐक. छापखानेवाल्या सदस्याने मतदारयादी छापली, तिच्यात दोन गल्ल्यांची नावं गळली. वकीलसाहेबांनी टेबलावर मूठ आपटून त्याला भर सभेत चोर म्हटलं. दुसऱ्या दिवशी कळलं की कचेरीनेच यादीचे कागद कमी पाठवले होते. वकीलसाहेब अध्यक्षांच्या खुर्चीवरून खाली उतरले, छापखानेवाल्याच्या बाकापाशी गेले आणि म्हणाले की काल मी खोटं बोललो, चुकून बोललो पण खोटंच बोललो, मला क्षमा करा. माझा हात थांबला. वहीत त्या वाक्यापुढे दोन ओळी कोऱ्या आहेत.

खंडात हे शोधू नकोस. चोर हा शब्द मी वगळला होता, आणि आरोपच नाही तर माफी कशाची, म्हणून माफीही वगळली. एवढ्या मोठ्या माणसाला कमीपणा नको, असं वाटलं. एकतीस वर्षांत त्या सभागृहात बोललेलं सगळ्यांत मोठं वाक्य मी माझ्या हाताने कापलं, पोरी. मला त्याचं फार वाईट वाटतंय.

तेव्हा राजीनामा द्यायचा तर स्वतःच्या कारणाने दे, माझ्या खंडांकडे बघून देऊ नकोस. वहीतला तो उतारा सोबत आहे.

तुझ्यावर जीव असलेला,
मामा

२ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आई म्हणते ताबडतोब लिही, नाहीतर तो मनाने काहीतरी जुळवेल.

आधी मी औषधवाल्यांच्या दुकानात गेले. ते माझ्याकडे न बघता गिऱ्हाइकाला गोळ्या देत राहिले. मी एवढंच म्हटलं की तीस तारखेला सभेला या. आले, शेवटच्या रांगेत बसले. मी उठून त्यांच्या बाकापाशी गेले. वकीलसाहेबांचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं, ऐन वेळी एक शब्द आठवेना, मग माझंच मोडकंतोडकं बोलले. बाकावर चढणारे महाशय ओरडले की रडगाणं पुरे. दोघेतिघे हसले. सामनेवाल्याने मात्र मोबाइल उलटा ठेवला. आणि औषधवाल्यांनी विरोधी पक्षात असूनही माझ्या दवाखान्याच्या ठरावाला हात वर केला. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

राजीनामा पर्समध्येच आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पुढच्या सभेचे प्रश्न लिहिलेत.

सभा संपल्यावर इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या की मॅडम, मागचा तुमचा आरोप मी घेतलाच नव्हता, आजचंही गाळते, उगाच तुमच्या नावावर कशाला? मामा, मला असा तू आठवलास की हसूच आवरेना. त्यांना म्हटलं, आरोप घाला, माफी घाला, आणि कोण कोण हसलं तेही घाला.

आणि हो, नवव्या खंडात, वकीलसाहेबांच्या त्या सभेच्या पानावर, तुझा उतारा मी डिंकाने चिकटवलाय. दुरुस्तीखाली लघुलेखकाची सही लागते, असं बाई सांगतात. तेवढी जागा कोरी ठेवलीय. मामीला घेऊन ये.

तुझी छकुली