पोटभर जेवून उतरवलेलं वजन

आप्पा,

आत्ता माझ्यापुढे जे ताट आहे ते तुम्ही बघितलं असतंत तर खूश झाला असतात. लग्नात तुम्ही दिलेलं तेच मोठं स्टीलचं ताट, जे माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी परात समजून कणीक मळायला घेतलं होतं. ते आज कडेपर्यंत भरलंय. पडवळाची भाजी ढीगभर, लसूण घालून परतलेला माठ, काकडीची ताकातली कोशिंबीर, वाटीत नाही तर वाडग्यात टोमॅटो-दुधीचं सार, आणि दोन ताजे बोंबील तव्यावर नुसते शेकलेले. भात आहे, पण कोपऱ्यात, मुठीएवढा. तुम्ही पहिलं हेच विचाराल, भात कुठं गेला गो? तेच सांगायला बसलेय. जेवण निवेल, तर निवू दे. दुपारची वेळ आहे, माझी आज रजा आहे, हे ऑफिसात आहेत, घरात मला हटकणारं कुणी नाही.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचा धाकटा कॉलेजात होता. आता त्याच्या डोक्यावर सांगण्याइतकेही केस राहिले नाहीत. वाडी तोच बघतो, केळी, दुधी, पडवळ, पालेभाज्या, अळूही लावलाय विहिरीकडे. तुमच्या मागे आमची वाटणी झाली ती अशी की वाडी त्याला गेली आणि तुमची भूक मला आली. तुमचं बीपी कुणाकडे गेलं ते मात्र कुणी बघितलं नाही. ते त्याच्याकडे गेलं होतं. तो गोळ्या घ्यायचा, बरं वाटलं की सोडायचा, आपल्या घरातली रीतच ती. बीपीनं आतल्या आत दोन्ही किडन्या खाल्ल्या आणि आम्हांला कळलं तेव्हा त्याचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मग डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, माणिकपूरला माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. पाणी मोजून प्यायचं. केळं खायचं नाही, पालेभाजी उकळून पाणी टाकून दिल्याशिवाय तोंडात घालायची नाही. केळीच्या वाडीत जन्मलेल्या माणसाला केळं बंद. पहिल्या महिन्यात तो यावर विनोद करायचा. नंतर करेनासा झाला.

किडनी माझी जुळली. ह्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी चहा देताना म्हणाले, "दे. तुला दोन आहेत, त्याला एकही नाही, यात विचारायचं काय?" माझा नवरा तुम्हांला फारसा आवडला नव्हता, माहितीये मला, पण हे तुम्ही ऐकायला हवं होतंत. आणि मग एवढं सगळं जुळून आल्यावर अडलं कुठं, तर माझ्या वजनावर. मुंबईचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "वजन फार आहे, साखर काठावर आहे. एका किडनीवर तुम्हांला पुढचं आयुष्य काढायचंय. अशा माणसाला मी टेबलावर घेणार नाही. वजन उतरवून या." मी म्हटलं, डॉक्टर, भाऊ थांबेल का तोवर? ते म्हणाले, "त्याला लवकर मिळालेली बरी. म्हणून तुम्ही घाई करा." म्हणजे भावाचं जगणं-मरणं माझ्या जेवणावर येऊन ठेपलं.

तुमच्या मुलीच्या जेवणावर. आठवतं? वसईच्या बाजारातून तुम्ही टोपल्या रिकाम्या करून यायचात, हातपाय धुवायचात आणि मला शेजारी बसवायचात. आई भात वाढायची आणि तुम्ही तिच्या हातातून पातेलंच घ्यायचात. पाहुण्यांना सांगायचात, "ही माझी पोरगी खरी जेवते, बाकीची नुसती चिवडतात." मी सात-आठ वर्षांची, मला ती पदवीच वाटायची. आणि लग्नातली पंगत! गावातल्या कुठल्याही लग्नात भाताची वाढणी तुमच्याकडे. मी तुमच्या मागून मीठ घेऊन चालतेय. एकजण पानावर हात आडवा धरतो, पुरे म्हणतो. तुम्ही थांबता, हसता, तो हात काढेपर्यंत उभे राहता, आणि हात निघाला की घाला भात. दुसऱ्यांदा पुरे म्हटलं तरी तेच. तिसऱ्या वेळेला तो पानावर ओणवा झाला तर मग खरं. आपल्याकडे पहिल्या नकाराला नकार कुणीच मानत नाही. लाजतोय, असं मानतात. परजातीच्या पाहुण्यांची किती फजिती व्हायची, बिचारे शेवटी पँटचा पट्टा सैल करायचे.

वजन उतरवायचं म्हणजे उपाशी राहायचं, एवढंच मला माहीत होतं. बाजारातून छोट्या बशा आणल्या, कुणीतरी मोबाईलवर सांगितलं होतं की छोट्या बशीत कमी जेवलं जातं. दोन पोळ्या, अर्धी वाटी भाजी. चार दिवसांत मी अशी काही वागायला लागले की हे जिन्यात चप्पल काढतानाच अंदाज घ्यायचे. मी कामणच्या एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते, ट्रक लावणं, पावत्या करणं. तिथं एका ड्रायव्हरला मी नुसतं "गाडी मागे घ्या" म्हणाले तर तो दचकला. पाचव्या दिवशी दुपारी मी गोदामाबाहेर नाक्यावर गेले आणि उभ्या उभ्या तीन वडापाव खाल्ले. खाताना रडू येत होतं आणि चटणी जास्त मागत होते. भूक मला सहनच होत नाही आप्पा. भुकेनं मला राग येत नाही, भीती वाटते. काहीतरी संपलंय आणि परत मिळणार नाही, अशी.

पण खरा घोळ वेगळाच झाला. मी किडनी देणार हे घरात कळल्यावर सगळे उपकाराखाली दबले. आणि उपकार फेडायची आपल्या लोकांना एकच वाट माहीत. भावजय डिंकाचे लाडू घेऊन आली, "ताई, द्यायचीय तर अंगात ताकद नको?" काकू आल्या, नारळाच्या दुधातली खीर. मावसबहिणीनं तुपातला शिरा पाठवला. आणि धाकटा डायलिसिसच्या प्रत्येक दिवशी येताना सुकेळी आणायचा, स्वतः वाडीतली केळी वाळवून केलेली, केळीच्या सोपात बांधलेली, तुम्ही बांधायचात तशीच. स्वतःला खाता येत नाही म्हणून मला. मी नको म्हटलं. पण मी नको म्हटल्यावर ते कोण ऐकणार? लाजतेय, असंच त्यांना वाटलं. डायलिसिसला मी त्याच्या खाटेशी बसायची, तर हातात सुई टोचलेली, चेहरा पांढराफटक, आणि हा मला म्हणतो, "माझ्यासमोर एक खा ना ताई, मला बरं वाटतं बघून." अशा वेळी काय करायचं सांगा. मी खाल्ली.

तपासणीला गेलो तर वजन वाढलेलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्हांला खरंच द्यायचीय ना? नसेल तर तसं सांगा, मी घरच्यांना दुसरं काहीतरी वैद्यकीय कारण सांगेन. बरेच जण घाबरतात." माझी मान वर होईना. धाकटा बाहेर बाकावर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता म्हणाला, "चल, चहा घेऊ. राहू दे ते." राहू दे म्हणाला, आप्पा. त्याला वाटलं मी मागे फिरले.

त्याच हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे मी दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. विरारची पोरगी, माझ्या भाचीच्या वयाची. मी तिला सगळं सांगितलं, वडापावसकट. तिनं विचारलं, "काकू, जेवणात तुम्हांला नेमकं काय आवडतं? गोड, तळलेलं, भात?" मी विचार केला आणि म्हटलं, "मला ताट भरलेलं आवडतं. आणि उठताना पोट भरलेलं." ती म्हणाली, "मग भरा ना. कोणी नको म्हटलंय? फक्त कशानं भरायचं ते आपण बदलू. दोन सुकेळ्यांत जेवढ्या कॅलरी, साधारण तेवढ्यात अख्खा दुधी येतो. पोटाला दुधी कळतो, सुकेळी कळत पण नाही." मी तिला म्हटलं, बाई, आमच्याकडे दुधी बैलगाडीनं होतो. ती म्हणाली, "मग प्रॉब्लेम काय आहे? आधी वाडगाभर सार प्या, मग भाज्या हव्या तेवढ्या, त्याच्याबरोबर मासे किंवा डाळ, आणि भात सगळ्यात शेवटी. तेल चमच्यानं घाला, बाटलीनं नाही. आणि उपाशी राहायचं नाही, ती माझी अट आहे." उपाशी राहायचं नाही! त्या खुर्चीत मला एवढं हलकं वाटलं की मी तिचा हात धरला.

तिथून मी तडक वाडीत गेले. धाकटा झोपाळ्यावर पडला होता, आत भावजय. मी दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, मी मागे फिरले नाही. तुम्ही मला घालताय आणि मी खातेय, म्हणून अडलंय. आता तुम्हांला मला काही द्यायचंच असेल तर भाजी द्या, पाहिजे तेवढी द्या, टोपलीनं द्या. लाडू नको, सुकेळी नको, आणि हे माझं तिसरं पुरे आहे असं समजा. भावजय रडायला लागली, म्हणाली, "आम्हीच वाईट केलं म्हणजे." धाकटा उठला, कोयता घेतला आणि त्या सुजलेल्या पायांनी वाडीत गेला. येताना खांद्यावर पडवळ, दुधी, मुळे, कोवळी भोपळ्याची पानं. म्हणाला, "आज पुरेल?"

मग सुरू झालं माझं जेवण. त्यांना द्यायला काहीतरी मिळालं आणि मला खायला ढिगानं मिळालं. भाकरीच्या पिठात दुधीचा कीस, पोह्यांत पोह्यांपेक्षा कोबी जास्त, उपम्यात शेंगा आणि गाजर. रविवारी पाचूबंदरला जाऊन बोंबील आणायचे. तिथल्या कोळीण मावशीला मी विचारलं, यानं वजन वाढत नाही ना, तर तिनं बोंबील उचलून दाखवला, "यात काय हाय गो, सगला पानीच हाय. तू त्याला तेलात पोहायला नको सोडू म्हंजे झाला." गोदामात माझा चार पुडांचा डबा उघडला की पोरं बघायला यायची. "मॅडम, डाएट चालू आहे ना? हे तर दोघांचं आहे." मी म्हणायची, हो, डाएटच आहे, बसा जेवायला. आणि काटा खाली येत गेला. कधी दोन आठवडे हलायचा नाही, मग एकदम उतरायचा. मला भूक लागत नव्हती, भीती वाटत नव्हती. ड्रायव्हर पण दचकायचे थांबले.

एकदा धाकटा डायलिसिसवरून माझ्याकडे आला, जिना चढून दम लागला होता. मी जेवत होते. तो समोर बसला आणि माझ्या ताटातल्या त्या हिरव्या ढिगाकडे बघत राहिला. त्याच्याच हातचा माठ, आणि त्याला एक घास नाही. मी ताट बाजूला सरकवायला लागले तर म्हणाला, "सरकवू नको. खा. माझंच काम करतेयस तू." मी मान खाली घालून सगळं संपवलं. तेवढं कठीण जेवण मी जन्मात जेवले नाही.

डॉक्टरांनी शेवटी होकार दिला, तोही मान हलवून, कौतुक वगैरे नाही. ऑपरेशनच्या सकाळी मी पूर्ण उपाशी, पाणीसुद्धा नाही. नर्सनं विचारलं, "मावशी, घाबरलात का?" मी म्हटलं, भूक लागलीय. ती हसली. मी खरं तेच सांगत होते. जाग आली तेव्हा कुशीत आगीसारखं दुखत होतं आणि हे पायाशी उभे होते, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "लघवी झाली त्याला. पिशवी भरली." आप्पा, लघवी या शब्दानं कुणाला एवढा आनंद झाला नसेल. मी झोपून गेले, शांत.

ऑपरेशनला आता पाच महिने झाले. धाकटा परत वाडीत जातो, तोंडाला मास्क बांधून, डॉक्टर ओरडतात म्हणून उन्हात कमी. पायात चप्पल नीट बसते. परवा माझ्याशी फोनवर बोलता बोलता तिकडे भावजयीशी भांडायला लागला, मला सगळं ऐकू येत होतं, मला एवढं बरं वाटलं. मला जन्मभर वजन सांभाळायचंय, आणि ते मला जमेल असं वाटतं, कारण मी पोटभर जेवते.

एक गोष्ट मात्र कुणापाशी बोलले नाही, आणि तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहितेय. तुम्ही गेलात ते जेवून उठून, झोपाळ्यावर पान लावता लावता. लोक म्हणाले, सुखानं गेला. मी मात्र इतकी वर्षं म्हणत आले की आप्पा आज असते तर. या वर्षी पहिल्यांदा मला वाटलं, नव्हते ते बरं झालं. तुम्ही माझ्यासमोर पातेलं घेऊन उभे राहिला असतात. सगळ्या जगाला मी पुरे म्हणाले, धाकट्यालाही म्हणाले. तुम्हांला मी म्हणू शकले नसते, आणि तुमचा मुलगा गेला असता.