सुरईमागची शेवंती

लेस्कोवा पोल्याना,
४ ऑक्टोबर १९९३

चि. डोचका हीस,
अ. आ.

वार्नाची समुद्राची हवा तुझ्या गुडघ्याला मानवते की नाही? मी बरी आहे. शाळेत आता नऊच मुलं उरलीत. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण चित्रकलेला कोणी मिळेना, म्हणून हेडमास्तरांनी पुन्हा मलाच धरलं. त्यात शाळेची ऊब देणारी शेगडी बिघडलीय. मग शनिवारचा वर्ग माझ्याच बाहेरच्या खोलीत भरतो.

सध्या तेलखडूंनी स्थिरचित्र चाललंय. टेबलावर आपल्या आईची मातीची सुरई, दोन सफरचंदं आणि द्राक्षांचा घड. पहिल्याच दिवशी घड अर्ध्यावर आला, कार्टी काढता काढता खात होती! सुरई हलू नये म्हणून तिच्याभोवती खडूने गोल आखून ठेवलाय. आधी फिकट रंग, मग गडद, सावलीला काळा नाही, जांभळा, आणि मग बोटाने चोळायचं. एक गोष्ट मात्र दर वेळी घोकून घेते, की माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. झ्लातिना नावाची आठ वर्षांची पोर आहे, ती हे फारच मनावर घेते. तिच्या जागेवरून सुरईचा कान दिसत नाही, तर बिनकानाचीच काढते.

वर्ग सुटला की घर खायला उठतं गं. तुझ्या ल्यूबेन भावोजींच्या मातीला आलीस, त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर या उंबऱ्यात तुझा पाय लागला नाही. मिरच्या भाजायच्यात, एकटीने किती भाजू? ये ना चार दिवस. आणि हो, फुलवालीकडे अजून फुलं तीन-तीनदा मोजतेस का, मयताला वाहतात तशी समसंख्या होईल म्हणून?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
नेदेल्या

*

वार्ना,
१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसतेस काय? मोजते, मोजणारच! जित्या माणसाला एक, तीन, पाच. मेलेल्याला दोन, चार. तू शिकलेली, तुला चेष्टा सुचते.

यायचं खूप मनात आहे, पण नातवाला, म्लादेनला गोवर आलाय, सून कामावर, आणि दोन बस बदलायच्या म्हटलं की गुडघा आधीच नाही म्हणतो. तू म्हणशील, हिचं दरवर्षीचं रडगाणं. पण यंदा खरंच अडचण आहे. उन्हाळ्यात नक्की. शिवाय तुझ्याभोवती नऊ पोरांचा गोतावळा, तुला कसला एकटेपणा? मिरच्यांच्या दोन बरण्या मात्र माझ्या नावाने बाजूला ठेव.

धाकटीवरचा जीव कमी करू नये.
तुझी,
डोचका

*

लेस्कोवा पोल्याना,
२३ ऑक्टोबर

चि. डोचका हीस,
अ. आ.

पत्र पोचलं. उन्हाळ्यात, बरं.

सोबत झ्लातिनाचं चित्र पाठवते. या खेपेला सुरईत शेवंती ठेवली होती. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. कागदावर बोट फिरवू नकोस, तेलखडू कधी पुरता वाळत नाही.

ताई

*

वार्ना,
६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. राग अजून गेलेला नाही.

अगं, पाकिटातून चित्र काढलं, फुलं मोजली, तर चार! पुन्हा मोजली, चारच! आणि वर तुझं ते लिहिण्यासारखं काही नाही. वाटलं, ताई आपल्या मरणाची वर्दी देतेय. फोन लावायला पोस्टात धावले, तर तुमच्या गावची लाइन बंद. काळा झगा पिशवीत कोंबला, म्लादेनला शेजारणीच्या गळ्यात टाकलं आणि तसल्या गुडघ्याने निघाले. आणि तू फाटकात उभी, मिरच्यांनी हात लालभडक, अगदी ठणठणीत! म्हणे पाचवं फूल सुरईमागे होतं, पोरीला तिच्या जागेवरून दिसलं नाही.

चार फुलं भावोजींच्या थडग्यावर वाहिलीस आणि उरलेलं एक स्वयंपाकघरात चहाच्या पेल्यात ठेवलंस, ते बघितलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. त्या झ्लातिनालाही सुनावलं, पाच होती गं, आधी मोजायला शीक. ओठ काढून बसली बिचारी.

काही म्हण, तीन दिवस मजेत गेले. मिरच्या भाजताना हसून हसून पोट दुखलं. बस वळेपर्यंत तू रस्त्यावर उभी होतीस, ते डोळ्यांपुढून जात नाही. पण आता इतक्यात परत जमायचं नाही हं.

आठवण ठेव, आणि असली चित्रं पाठवू नकोस.
तुझी,
डोचका

*

लेस्कोवा पोल्याना,
१४ नोव्हेंबर

चि. डोचका हीस,
अ. आ.

तू गेल्यापासून झ्लातिनाने खडू हातात घेतला नव्हता. काल वर्गात विचारलं, तर म्हणाली, बाई, मी उठून सुरईच्या मागे जाऊनही बघितलं होतं, तिथे फूल नव्हतं, मग मला दिसलं ते खोटं का? आठही पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सुरईमागे काही नव्हतं, डोचका. पाच आणली होती. मुलं यायच्या आधी एक मी माझ्या हाताने काढून पेल्यात ठेवलं. तू मोजशील, हे मला ठाऊक होतं. घाबरशील, हेही ठाऊक होतं. सहा वर्षं विनवण्या केल्या तेव्हा तुझा गुडघा दुखत होता, आणि माझ्या मरणाच्या भीतीने धावत आलीस. मला तेवढंही गोड लागलं, इतकी मी एकटी पडलेय.

आता लाज वाटते. चाळीस वर्षं शिकवलं आणि शेवटी एका पोरीचे डोळे खोटे पाडले. सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तुझीही मागते. रागव हवी तेवढी, पण पत्र बंद करू नकोस, मला तेवढाच आधार आहे.

सोबत तिचं नवं चित्र आहे, कालच काढलेलं. मोजून बघ, पाच आहेत. माझी तब्येत उत्तम आहे, कोणी मेलेलं नाही, घाबरण्यासारखं काही नाही.

तरीही ये.

तुझी ताई,
नेदेल्या