छत्रीच्या कापडाचं शीड

८ जाने. १९७८, मालेगाव
यांच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी कार्बोरेटर इंग्रजी मासिकाच्या पानात गुंडाळून आणला. पानावर फोटो. त्रिकोणी शिडाखाली माणूस लोंबकळतोय, खाली टेकडी. इंजिन नाही. मजकूर अर्धा फाटलेला. जेवताना हे म्हणाले, "तू शाळेत पोरीईले शिवण शिकवतं. असं शिवता येईन काय?"
म्हटलं, कापड कोणतं ते सांगा.

१५ जाने.
गावाजवळच्या टेकडीवर गेलो, दोघंच. घार कडेशी आली की पंख हलवत नाही. का? बरोबर चिमूटभर कापूस नेला होता, कडेवरून टाकला. खाली जायचं सोडून वर आला, डोक्यावरून मागे गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तसंच. हे बसून पाहत राहिले. "वारा टेकडी चढून राह्यला," म्हणाले.

२२ जाने.
मेणकापड जड. छत्रीचं काळं कापड आणलं, कारंज्याहून. दुहेरी शिवण घातली. बांबू, तारा, काखेतून घ्यायला पट्टे, हातात धरायला सायकलच्या पाइपाचा दांडा.
सासूबाई: "हे कायले?"
"उडायले."
"कोण उडन?"
यांनी स्वतःकडे बोट केलं. त्यांनी कापड बोटांनी चाचपून पाहिलं.

५ फेब्रु.
माझ्या भावाच्या बैलगाडीतून शीड नेलं. कडेवरून नाही, खालच्या गवताच्या उतारावरून. तसं आधीच ठरलेलं. हे धावले. शीड फुगलं, पाय सुटले नाहीत. पाच वेळा. सहाव्यांदा तोंडावर. ओठ फुटला, एक बांबू मोडला.
"माहं वजन कमी हाये," मी म्हटलं.
"नाही."
"काहून?"
"नाही म्हटलं ना."


१२ फेब्रु.
नवा बांबू घालून परत तिथंच. एक तार सैल निघाली. हे पक्कड आणायला खाली गाडीपाशी गेले. मी वर, शीड धरून. तार हातानेच पिळली. आणि वारा समोरून आला, एकसारखा.
विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. कासोटा खोचला, पट्टे काखेतून घेतले, धावले.
पाय धावतच होते, खाली जमीन नव्हती. बोरीच्या झुडपाचा शेंडा दिसला, वरून. मग गवत, मग गुडघा.
हे पक्कड हातात घेऊन उभे. सगळं पाहिलेलं. आधी माझा गुडघा पाहिला, मग बांबू.

१३ फेब्रु.
अबोला. सकाळी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हळूच, "वरून कसं दिसते वं?"
"बोरीचा शेंडा दिसला."
"बस?"
"बस. तेवढंच."
एक खडा वेचून टाकला. मग, "एवढी उडाली अन् बोरच पाह्यली."

१५ फेब्रु.
हे दुपारी दुकान बंद करून एकटेच टेकडीवर जाऊन आले, असं सासूबाईंकडून कळलं. माझ्या धावण्याच्या खुणा जिथं संपल्या तिथून गुडघा टेकला तिथपर्यंत पावलं मोजली. एकोणीस. वहीत लिहून ठेवलंय, मी पाहिलं.
जेवताना तीन दिवसांतला पहिला शब्द. "पाय सुटले तवा दांडा वढला होता का ढकलला?"
मी डोळे मिटले. लाटणं दोन्ही हातांत आडवं धरून पाहिलं. पुढे केलं, मागे घेतलं.
"आठवत नाही."
"आठव."
"खरंच नाही आठवत. परत गेल्याबिगर नाही समजणार."
हे कितीतरी वेळ माझ्या हातांकडे पाहत होते. भाकरी गार झाली. मग म्हणाले, "रविवारी वारा कसा राह्यते ते पाहू."
कोण जाणार ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.