धाकट्याने सांगितलेला छोटा टर्बो

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. पत्नी शेजारी बसून वाटाणे सोलते आहे. तिची तक्रार फक्त माझ्या अक्षराबद्दल आहे. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीस. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे किंवा आहे तसे ठेवावे, तिची मर्जी. "आई, एकटी कशी राहशील?" म्हणून मुलीने तिच्या मागे लागू नये. जी माझ्याबरोबर त्रेचाळीस वर्षे राहिली, ती एकटी सहज राहील.

२. निळी गाडी, टर्बोसह, मुलीस. ती डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स आहे व गाडी माझ्या नावावर असली तरी चालवते तीच. तिथल्या चढावर ही गाडी धापा टाकायची. मी म्हणालो, नवी घे. तिला हीच हवी होती. तीन आठवडे वाचून तिने एक छोटा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, निवडला. मोठा का नको, असे मी मुद्दाम विचारले.

"मोठा फिरायला लागेपर्यंत चढ संपतो, बाबा. मला कमी वेगात जोर हवाय. आणि इंजिन जुनं आहे, सोसेल तेवढीच हवा त्यात कोंबायची."

हेच बोलणे मी पूर्वी एकदा ऐकले होते व मानले नव्हते. ते कलम चारमध्ये येईल. मुलीस सूचना: चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. मिनिटभर चालू ठेवावे, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल जळते. तुला घाई असते, म्हणून लिहून ठेवतो.

३. माझी ॲल्युमिनियमची शिडी गॅरेजमागे राहणाऱ्या मास्तरांस. नऊ वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेली होती. आता आणू नका.

४. गॅरेजमधील सर्व हत्यारे, जॅक व टॉर्क पाना धाकट्या भावास.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे मिळून गॅरेज चालवत होतो. एका दातांच्या डॉक्टरांना गाडीला टर्बो हवा होता. धाकटा म्हणाला, छोटा बसवू. मी मोठा बसवला, कारण तो दिसायला भारी होता आणि गिऱ्हाईक खूश होते. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागते. तेही मी नीट पाहिले नाही. तिसऱ्या आठवड्यात पिस्टनला भोक पडले. डॉक्टर तणतणत आले तेव्हा मी म्हणालो, "माझ्या भावाने बसवलाय." धाकटा तिथेच हात पुसत उभा होता. त्याने माझ्याकडे बघितले, अंगातला कामाचा कोट खुंटीला टांगला आणि गेला. पुढे त्याने वेगळे दुकान काढले. आईच्या आजारपणापुरते आम्ही बोललो, तेवढेच.

तीन वर्षांपूर्वी मुलीचा टर्बो आम्ही बापलेकींनी सहा रविवार खपून बसवला. चालू केला तर निळा धूर. दोन दिवस डोके खाजवले, कारण सापडेना. मुलीने मला न विचारता काकाला फोन केला. तो आला, गाडीखाली शिरला.

"दादा, टर्बोतलं तेल परत उतरायची नळी वर वाकलीय. तेल खाली जाणार कसं?"

नळी सरळ केली, धूर थांबला. तेव्हापासून तो रविवारी येतो. आम्ही सगळ्या गोष्टींवर बोलतो, ते एक सोडून. तरी माझ्या पश्चात पत्नीने हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

५. दुरुस्ती. वरची शेवटची सूचना रद्द. पत्नीने ती वाचली व म्हणाली, "अहो, भावोजी चार गल्ल्या पलीकडे राहतात. खोटं तुम्ही बोललात, मग खरं मी का सांगू?"

म्हणून काल सकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइके उभी होती. आळ गिऱ्हाइकासमोर घेतला होता, म्हणून त्यांच्यासमोरच बोललो. "तो मोठा टर्बो मी बसवला होता. हा नको म्हणत होता. आणि मी याचं नाव घेतलं."

गिऱ्हाइकांना काही समजले नाही. धाकट्याने हातातला बोल्ट पुसून बाजूला ठेवला.

"आईला सांगायला हवं होतंस, दादा. शेवटपर्यंत तिला वाटायचं, माझ्याच हातून झालं."

मी तसाच उभा राहिलो. मग त्याने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवले.

"बस. चालत आलास ना, दम लागलाय."

मी बसलो.

वरील मजकूर वाचून, समजून मी सही करत आहे. धाकट्यालाही साक्षीदार व्हायचे होते. परंतु हत्यारे त्याला मिळणार असल्याने वकिलांनी नको सांगितले. तो सही होईपर्यंत इथेच थांबला आहे.

साक्षीदार १: आमचे घरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: समोरचे टायरवाले (सही)

लिहून ठेवणार: (सही)
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळचे साडेदहा