नेत्राच्या पानात

३ जानेवारी, शनिवार

येणार! प्रज्योतचा फोन आला — सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, तिघंही येणार आणि राहणार. राहणार! गणपतीत आले होते ते उभ्या उभ्या. सगळ्यांच्या पानात मोदक, आणि माझी नात नेत्रा मात्र सूनबाईने, हेतलने, खारघरहून भरून आणलेल्या डब्यातली इडली खात होती. खाता खाता मोदकाकडे बघत होती. मोदकात कुठे दूध असतं? पण वरून तूप सोडून बसले होते ना मी!

नेत्राला दूध चालत नाही. दही, तूप, लोणी, काही म्हणता काही नाही. सोयाबीन तर अजिबातच नाही — दोन्हींनी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, एकदा श्वासही अडकला होता. अंडं-मासळी हेतलच्या माहेरी कुणी शिवत नाही, तेव्हा तेही नाही. प्रज्योत म्हणाला, "आई, तू त्रास नको घेऊस. हेतल डबे आणेल." मी बरं म्हटलं. पोर चार वर्षांची झाली, अजून माझ्या हातचा एक घास तिच्या पोटात गेला नाही. ही कसली आजी!

५ जानेवारी, सोमवार

नारळाच्या दुधाचा चहा करून बघितला. हे एक घोट घेऊन म्हणाले, "कमळ, हा चहा हाय का सोलकढी?" आणि चूळ भरायला गेले. मेलं, तसंही चार वर्षांच्या पोरीला चहा कोण देतंय!

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी चष्मा लावून घरातली सगळी पाकिटं वाचली. बिस्किटात सोया. पावाच्या पिशवीवर बारीक अक्षरात सोया. आणि तेल! रोजच्या तेलाच्या पिशवीवर चक्क सोयाबीनच्या शेंगेचं चित्र. इतकी वर्षं तेच ओततेय कढईत. मला आपलं वाटायचं, सोयाबीन म्हणजे त्या वड्या. वड्या नाही आणल्या की झालं!

पिशवी शेजारच्या सगुणाला देऊन टाकली. हेतलला फोन लावला — शेंगदाण्याचं तेल चालतं का गं? "चालतं. पण आई, कशाला विचारताय?" म्हटलं, सहजच. खरं सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. तिचंही बरोबर आहे. श्वास अडकलेलं पोर तिने पाहिलंय, मी नाही.

११ जानेवारी, रविवार

वालाचं बिरडं, नारळाच्या दुधातलं. केळफुलाची भाजी. गुळाच्या रसात शिरवळे, तांदळाच्या घरच्या शेवया. हे दोनदा भात घेऊन जेवले आणि मग विचारलं, "आज मासळी का न्हाय?" म्हणजे जेवून होईपर्यंत आठवण नव्हती! मला वाटलं होतं काहीतरी परदेशी शिकावं लागणार. अर्धं तर आपण बिनदुधाचंच रांधतो. दारात नारळ पडलेत, त्यांची आठवण मला आत्ता होतेय.

नारळाच्या दुधाचं दही मात्र लागलं नाही. वास असा सुटला की हे मांजरालाच दोष देत बसले.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. व्हिडिओवर तिळगूळ दाखवला. नेत्रा म्हणाली, "आजी, तू फोनमध्येच राहते का?" सगळे हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र कुठे काही सुचेना. तिच्या केसांना कसला वास येतो तेही मला माहीत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

नवा तवा, नवी कढई, नवं पातेलं. सुकटीचे डबे वाडीतल्या खोपीत. घरात मासळी बंद, हे रोज भावाकडे जेवायला. तिथून ढेकर देत येतात आणि मला ऐकवतात, "नातीसाठी आजोबा घराबाहेर!" पण काल स्वतःच बाजारातून पोपटीसाठी, जाळात शेंगा भाजायला, कोरं मडकं घेऊन आले. जुन्यात कोंबडी आणि अंडी शिजलीत ना. मी सांगितलं नव्हतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

तांदूळ धुऊन सावलीत वाळवले, काल भावेशच्या गिरणीवरून दळून आणले. पीठ नव्या डब्यात. आता फक्त माणसं यायची.

२४ जानेवारी, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी आले. हेतलने डबे काढले, तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात नेलं. तेल दाखवलं, भांडी दाखवली, कशात काय घातलंय ते सगळं सांगितलं. तिने तेलाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाली, "थोडीशी भाकरी द्या. तुम्हीच भरवा."

मीच भरवली! भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवून तिच्या तोंडात घातला. पोर चावत चावत म्हणाली, "तिखट नाही!" दुसरा घास दिला, तेवढ्यात सगुणा आली नात बघायला. दारातूनच म्हणते, "काय पांढरीशुभ्र झालीय गं भाकरी! परवा गिरणीवर माझ्या मागोमागच तुझा डबा लावला भावेशनं. माझ्या गव्हात आता सोयाबीन असतंय, डॉक्टर म्हनले कंबरेला चांगलं."

माझं बोट नेत्राच्या तोंडात गेलं. घास उकरून काढला. "हेतल, पिठात सोयाबीन असेल! औषध आण!" एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नसेन. पोर घाबरून रडायला लागली. पहिला घास गेलाच होता पोटात. मानेवर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला. हेतलने औषध पाजलं. प्रज्योत गाडी काढताना म्हणाला, "सांगितलं होतं ना, डबे आणतोय म्हणून!"

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी बसवून ठेवलं. आता बरी आहे. देवा, बरी आहे.

एवढं साधं! जात्यात आधीच्याचं मूठभर पीठ राहतंच, हे मला कळत नाही? उपासाचं दळण असलं की आम्ही आधी विचारतो, कुणाचं दळलं, काय दळलं. गिरण झाडून घेतो, पहिली मूठ बाजूला काढतो. देवाच्या पिठाला विचारते मी. नातीच्या पिठाला नाही विचारलं.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी हेतलने आपलं आपण रांधलं. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. नेत्रा दोनदा जवळ आली, मी दोन्ही वेळा हात मागे घेतले. प्रज्योत बोलत नाही.

संध्याकाळी ह्यांनी वाडीत पोपटी लावलीच. कोऱ्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, रताळी, ओवा, मीठ. ना तेल, ना पाणी. कोंबडीचं नावही काढलं नाही. मडकं उपडं केल्यावर हेतलने स्वतः शेंगा सोलून लेकीला दिल्या. मी लांब बसले होते. ती ताट घेऊन माझ्याजवळ आली.

"आई, माझ्या मम्मीने एकदा हिला बर्फी दिली होती. चुकून नाही, 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणून दिली. हॉस्पिटलमध्ये श्वास अडकेपर्यंत सांगितलं नाही. घाबरली होती." मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात."

शेंगा सोलत बसले. गार झाल्या होत्या.

२६ जानेवारी, सोमवार

गाडीत दोनच बॅगा चढल्या. हेतलने औषधांची पिशवी माझ्या हातात दिली. ओठ सुजला तर काय पाजायचं, श्वास लागला तर इंजेक्शन मांडीत कसं टोचायचं, सगळं उशीवर करून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं. "शाळेला मी कळवते. शनिवारी न्यायला येतो." डबे रिकामेच परत नेले.

गाडी वळणाआड गेली. नेत्रा पायरीवर पाय हलवत बसलीय. आत्ताच ओरडली, "आजी, भूक लागली!"

उठते.