चारुआत्याचं श्राद्ध

बाबा,

तर तुम्ही फोन कट केलात म्हणून विषय संपत नाही, म्हणून लिहितेय. मी इथे उज्जैनला ठीक आहे, काकू पोटभर जेवायला घालते. आईचा गुडघा कसा आहे?

मी जिची फॅन आहे ना, ती केनियाची ॲक्ट्रेस नाओमी, तिची आई उज्जैनची मराठी आहे. नाओमीने आईचा जुना फोटो पोस्ट केला आणि तोच फोटो इथे काकांच्या अल्बममध्ये निघाला! चारुआत्या! तुम्ही तर म्हणायचात, ती लहानपणीच वारली.

काकांना विचारलं तर म्हणाले, "त्या काळ्याशी लग्न केलं, त्याच हप्त्यात रामघाटावर तिचं श्राद्ध करून टाकलं. तुझा बापही होता ना बाजूला बसलेला."

जिवंत बहिणीचं श्राद्ध, बाबा? लाज नाही वाटली?

आणि आता हेच काका फ्रीगंजभर सांगत फिरतात, "अरे भाई, नाओमी अपनी सगी भानजी है!" मला किळस आली.

मी नाओमीला मेसेज केला. ती आत्याला घेऊन पुढच्या महिन्यात उज्जैनला येतेय. आत्याने तुमच्याबद्दल एवढंच विचारलंय, "विलास स्टेशनवर येईल ना?"

तुम्हाला काय वाटतं, मी तिला काय सांगू?

तुमचीच, पण भयंकर चिडलेली,
मुक्ता