नग क्रमांक एकेचाळीस

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दोन्हींचं वेगवेगळं कळव.) आधी एक दुरुस्ती. तू विणलेला स्वेटर बसमध्ये हरवला, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. तो मोहोरबंद खोलीत सुखरूप आहे आणि कागदोपत्री एका मृत गृहस्थांचा आहे.

आपला कुणी माणूस इथे परक्या देशात वारला, की त्याच्या सामानाची यादी करून ते वारसाकडे पोचवणं हे आमच्या वकिलातीचं काम. हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे, एकटेच राहायचे. चार जिने चढून मी घामाघूम झाले म्हणून स्वेटर काढून त्यांच्या खुर्चीवर टाकला. मग हेडक्लार्क एकेक वस्तू उचलून सांगत गेले, मी लिहीत गेले. शुद्धलेखन घेताना मान वर करायची नाही, ही तुझी शिस्त (मी शाळेतही जात नव्हते तेव्हाची!) इतकी अंगात मुरलेली, की ‘नग क्रमांक एकेचाळीस: बायकी स्वेटर एक, डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब’ हेसुद्धा मी सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि खाली सही केली. बसमधून उतरल्यावर थंडी वाजली, तेव्हा दोष बसला दिला.

यादी वाचून त्यांच्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. दादा एकटाच गेला म्हणून महिनाभर रडत होते, त्याला कुणीतरी होतं हे वाचून घास गोड लागला, असं लिहिते. पुढे म्हणते, विणणारीला विणता येत नसावं, पण जीव लावणारी दिसते. (तिचे शब्द आहेत, माझे नव्हेत.) आता ती त्या वहिनीचा पत्ता मागते आहे!

हेडक्लार्क म्हणतात, “अहो, राहू द्या की! एका स्वेटरनं कुणाचं काय बिघडतंय?” क्षणभर मलाही पटलं. पण सही माझी आहे, आणि ती बाई जन्मभर वहिनी शोधत बसेल.

तुझी कुडकुडणारी भाची

ता. क. नवा स्वेटर मुळीच विणू नकोस.

पुन्हा ता. क. घेतलाच असशील, तर डावी बाही लांबच ठेव. त्या हाताला मोजा लागत नाही.

शेवटचा ता. क. ती बहीण तुझ्या मागच्याच गल्लीत राहते. हे तिला टपालानं कळू नये. तू जा, ‘विणणारी मीच, तिची आत्या’ म्हणून सांग. आणि हेही सांग, की यादीत मी नुसतं ‘फोटो एक’ लिहिलंय, तो त्यांच्या कामाच्या टेबलावर भिंगाशेजारी होता, एका दोन वेण्यांच्या मुलीचा, मागे ‘आमची धाकटी’ लिहिलेला. मंगळवारपर्यंत जाऊन ये. यादी दुरुस्त करायला खोलीची मोहोर मी बुधवारी, सोळा तारखेला, सकाळी दहाला फोडणार आहे.